ठमी आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा चष्म्यांचा, दुकान गेल्या वर्षी बंद केलेले, राहणार माझ्या स्वतःच्या अर्ध्या घरात (दुसरा अर्धा यजमानांचा), आज हा कागद राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवत आहे. दबाव आला नाही असे मात्र नाही. भरपूर आला.

माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य वकीलबाई सगळ्यांच्याच मृत्युपत्रात घालतात आणि त्यावरून कोणी वाद घालत नाही. माझ्या बाबतीत तिघांचा त्याला आक्षेप आहे: माझे यजमान, माझी मुलगी आणि माझी नणंद. या वयात जुनी गाडी घेऊन शर्यतीला जाणाऱ्या बाईचे डोके ठिकाणावर असूच शकत नाही, यावर तिघांचे एकमत आहे. एरवी चहात साखर किती घालायची यावरही त्यांचे एकमत होत नाही. डॉक्टरांनी मला तपासून लेखी दिले आहे की नजर, रक्तदाब आणि डोके तिन्ही ठीक आहेत. गुडघ्यांबद्दल ते जे म्हणाले ते इथे लिहायचे कारण नाही.

मृत्युपत्र करायची कल्पना माझी नाही. गेल्या महिन्यात जेवता जेवता यजमान म्हणाले, "जायचंच असेल तर आधी मृत्युपत्र करून जा." मी घाबरून गप्प बसेन असे त्यांना वाटले असावे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना बायको कळली नाही ती नाहीच. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलबाईंची वेळ घेतली.

उद्या या हंगामातली शेवटची शर्यत आहे. उद्या मला गाडी रेषेवर लावू द्यायची की माझे नाव कायमचे खोडायचे, हे एका कागदावर अवलंबून आहे आणि तो कागद जगात एकच माणूस लिहू शकतो. तो माणूस माझ्याच घरात राहतो, माझ्याच हातचा चहा पितो, आणि लिहीत नाही. तेव्हा या मृत्युपत्रात मध्येमध्ये आवाज चढलेला दिसला तर वाचणाऱ्याने समजून घ्यावे. "मालमत्तेपुरतंच लिहा," असे वकीलबाईंनी मला दोनदा बजावले आहे. पण वस्तू कोणाला द्यायची हे सांगताना का द्यायची हेही सांगावे लागते, आणि का ते सांगायला लागले की मला राग येतो. त्याला माझा इलाज नाही.

कलम पहिले. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे असे कोणी म्हणाले तर ती नणंद असेल. लक्ष देऊ नये.

कलम दुसरे, घर. घरातला माझा अर्धा हिस्सा मुलीला. तिचे वडील आहेत तोवर त्यांनी तिथेच राहावे, त्यांना हलवू नये, हलवले तर ते तिच्या घरी येतील आणि तिथल्या सगळ्या खिळ्यांची तपासणी करतील. न्हाणीघराचे दार गेले वर्षभर भिंतीवर आपटते, कारण दारामागचा रबरी स्टॉपर जागेवर नाही. तो कुठे गेला हे पुढे येईलच. मुलीने नवा बसवून घ्यावा. वडिलांना सांगू नये. अशा गोष्टी ते फार पक्क्या बसवतात.

कलम तिसरे. बँकेतली शिल्लक मुलीला. गाडीवर मी किती उडवले ते तिने शोधत बसू नये. ती हिशेबतपासनीस आहे, तिला मोह होणार हे मला माहीत आहे.

कलम चौथे, दुकानातली हत्यारे. काचेच्या कडा घासायचे यंत्र, फ्रेम मऊ करायचे गरम मिठाचे भांडे, नाकावरच्या पट्ट्या वाकवायचे चिमटे आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरची लाकडी पेटी, हे सगळे दुकानात माझ्या शेजारी बसून फिटिंग करणाऱ्या बाईला. तिचा हात माझ्यापेक्षा जास्त स्थिर आहे आणि तिने गिऱ्हाइकाच्या कानामागे कधी चट्टा उठू दिला नाही. शिवाय मी पुन्हा शर्यतीला जाणार हे ऐकल्यावर सगळ्यांनी "कशाला?" असे विचारले. तिने एकटीने "किती सेकंदांत?" असे विचारले. पेटीतला सर्वांत बारीक स्क्रू ड्रायव्हर यजमान पेन उघडायला नेतात. तो त्यांच्याकडून परत घेऊनच पेटी ताब्यात घ्यावी.

कलम पाचवे. दिवाणखान्यातला मोठा आरसा नणंदेला. "वहिनी, आरशात बघा जरा, हे काय हेल्मेट घालायचं वय आहे का?" असे ती मला माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच खुर्चीत बसून म्हणाली. काच मी स्वतः कापून बसवलेली आहे. तिच्यात सगळे स्वच्छ दिसते.

कलम सहावे, ठमी.

ठमी म्हणजे माझी गाडी. दोन दारांची, सहा सिलिंडरची, पिस्त्याच्या रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. दुकान चालायला लागले तेव्हा पहिल्या कमाईतून मी ती सेकंडहँड घेतली. वर्षाच्या आत एका दुधाच्या टँकरने तिला मागून ढकलून भिंतीत घातले. ठमी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती, मी गिऱ्हाइकाकडे चष्मा पोहोचवायला गेले होते. तिची काही चूक नव्हती. विमा कंपनीने सर्व्हेयर पाठवला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॉर्च, खिशाला दोन पेने. त्याने गाडीभोवती फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिले आणि लिहिले: टोटल लॉस. म्हणजे दुरुस्तीच्या लायकीची राहिली नाही, भंगारात काढा. मी विचारले, "इंजिन चालू करून पाहिलंत?" तो म्हणाला, "बाई, त्याची गरज नाही." मी किल्ली फिरवली. ठमी सुरू झाली आणि फुटक्या रेडिएटरचे पाणी त्याच्या बुटांवर सांडले. पुढे दीड वर्षाने मी त्याच माणसाशी लग्न केले, पण त्याने तो अहवाल कधी मागे घेतला नाही. विषय निघाला की अजून म्हणतात, "कागदोपत्री बरोबरच होतं ते."

माझीच गाडी मी भंगार म्हणून परत घेतली आणि दुरुस्त करून पुन्हा उभी केली. त्यानंतर आठ वर्षे तिला सरळ रस्त्याच्या शर्यतीत पळवले, जिला आता सगळे ड्रॅग रेस म्हणतात. विमानांनी सोडून दिलेली धावपट्टी, दोन गाड्या शेजारी शेजारी, समोर पिवळे दिवे, मग हिरवा, आणि चारशे मीटर. वळण नाही, सल्ला द्यायला शेजारी कोणी नाही. यजमान तेव्हा बरोबर यायचे, पण पाठ करून उभे राहायचे आणि आवाज थांबला की लोकांना विचारायचे, "पोचली का?" मग मुलगी झाली, दुकान वाढले, धावपट्टी बंद पडली. ठमी दुकानामागच्या शेडमध्ये राहिली. मी तिला विकली नाही, भाड्याने दिली नाही, लग्नाच्या वरातीला कोणी मागितली तरी दिली नाही. अधूनमधून चालू करून तिला गरम होऊ द्यायचे आणि बंद करायचे, एवढेच.

गेल्या वर्षी धावपट्टी पुन्हा उघडली, फक्त जुन्या गाड्यांसाठी. तिथल्या नियमात एक गोम आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. जुन्या गाड्या एका तोलाच्या नसतात. म्हणून आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल ते प्रत्येकाने आधीच पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगाने लिहायचे. ज्याचा आकडा मोठा त्याला फरकाइतके सेकंद आधी सोडतात. मग जो पुढे पोहोचेल तो जिंकला. पण लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचलात, तर बाद. हे ठेवले नाही तर जो तो खोटा आकडा लिहून आधी सुटेल. म्हणजे शर्यत वेगाची असली तरी त्यात तुमचा खरेपणा आणि तुम्हाला तुमची गाडी किती कळते तेच बघतात. मला ठमी पुरती कळते, असा माझा समज होता.

पहिल्या दिवशी मी काचेवर एकोणीस लिहिले. तरुणपणी ती सतरा सेकंदांत जायची, वयाचे दोन मी सोडून दिले. आम्ही तेविसाव्या सेकंदाला पोहोचलो. एका पाववाल्याच्या डिलिव्हरी व्हॅनने आम्हाला हरवले. व्हॅनच्या मागच्या भागात पावाचे रिकामे ट्रे वाजत होते, ते मला हेल्मेटमधूनही ऐकू आले.

त्यानंतर वर्षभर माझ्या डोक्याचा भुगा झाला. ठमीचे काम बघणाऱ्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी कार्ब्युरेटर तीनदा उघडला. प्लग बदलले, पेट्रोल पंप बदलला, डिस्ट्रिब्युटर कुठूनतरी शोधून आणला. तेवीस म्हणजे तेवीस. ॲक्सिलरेटर मी टेकेपर्यंत दाबत होते आणि ठमी अर्ध्या मनाने पळत होती. मग मला माझाच संशय यायला लागला. वाटले, पाय दाबतोय असे मला वाटते, पण दाबला जात नाही. खुर्चीवर बसून, पायाखाली वजनकाटा ठेवून, मी पायाचा जोर मोजला. एकदा नाही, रोज. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, शरीर काय सांगतंय ते ऐक ना जरा." मी ऐकून पाहिले. शेवटी एका शर्यतीला हात टेकले आणि काचेवर स्वतःच्या अक्षरात तेवीस लिहिले. म्हातारी झाले हे मी त्या दिवशी मान्य केले, आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. दार तेव्हाही आपटले.

आता गालिचा. हंगाम सुरू व्हायच्या आधी लग्नाच्या वाढदिवसाला यजमानांनी ठमीसाठी खाली अंथरायचा नवा गालिचा आणला. स्वतः मापाने कापला, स्वतः बसवला. सगळ्या संसारात त्यांनी ठमीला पुसायचे फडकेसुद्धा कधी आणले नव्हते. मला भरून आले. मी फिटिंगवाल्या बाईला म्हटले, "माणूस बदलतो गं." तिने नुसती भुवई उचलली. तिचे लग्न माझ्याआधीचे आहे.

मागच्या शर्यतीला मी रांगेत थांबलेली असताना माझ्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू निसटून पायाशी पडला. जन्मभर दुसऱ्यांचे स्क्रू पिळले आणि स्वतःचा ढिला राहिला, यावर नणंद काय म्हणेल ते मला माहीत आहे. तो शोधायला मी ॲक्सिलरेटरखाली हात घातला. गालिच्याखाली उंचवटा लागला. गालिचा उचलला तर खाली आमच्या न्हाणीघराच्या दाराचा रबरी स्टॉपर, चार स्क्रूंनी आवळलेला, वॉशरसकट. ॲक्सिलरेटर तळाला टेकतो असे मला वर्षभर वाटत होते. तो रबराला टेकत होता. अर्धा खाली गेला की संपला.

शहाणी बाई त्या क्षणी रांगेतून बाहेर आली असती. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि चारही स्क्रू उपसले. रबर मागच्या सीटवर भिरकावला, तोवर माझी पाळी आली. माझे कान तापले होते. हिरवा लागला, मी पाय खाली नेला आणि तो जातच राहिला. ठमी ओरडली, मीही ओरडले. शेजारच्या पट्ट्यात दातांच्या एका डॉक्टरांची लाल गाडी होती, ती मला परत दिसलीच नाही. फलकावर एकोणीस आले. काचेवर मात्र माझ्याच अक्षरात तेवीस होते. ते पुसायचे राहिले. रागाच्या भरात मला स्टॉपर दिसला आणि डोळ्यांसमोरचा आकडा दिसला नाही. मी, जी लोकांची नजर तपासून जगले. लाऊडस्पीकरवर सांगितले, "बाद. चार सेकंद लवकर."

अर्ध्या सेकंदाची चूक तिथे हसून सोडतात. चार सेकंदांना लबाडी म्हणतात.

कलम सातवे, माझे नाव. नाव ही मालमत्ता नव्हे, ते मृत्युपत्रात देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. देण्यासारखे माझ्याकडे दुसरे फारसे काही नाही, असे माझे म्हणणे आहे. तेव्हा हे कलम राहू द्यावे.

शर्यत समितीने मला बोलावले. अध्यक्ष तेच दातांचे डॉक्टर. मी वर्षभर जाणूनबुजून गाडी हळू चालवली, लोकांना तेविसाची सवय लावली आणि मोक्याच्या दिवशी हात मारला, असा त्यांचा आरोप. मी रबर पुढे ठेवला. त्यांनी मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, "रबर मला पहिल्याच सर्व्हिसिंगला दिसला होता, साहेब. वाटलं, बाईंनीच लावून घेतला असेल. वय झालंय, धीर होत नसेल. तोंडावर कशाला बोलायचं, म्हणून मी गप्प बसलो." म्हणजे या माणसाने रबर पाहिला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून वर्षभर कार्ब्युरेटर उघडत राहिला! त्यांच्या या सभ्यपणाने माझे पार वाटोळे झाले. रबर वर्षभर तिथेच होता हे सिद्ध झाले आणि तो मला माहीत होता असाही सगळ्यांचा समज झाला.

समितीने एकच वाट ठेवली. रबर ज्याने लावला त्याने आपल्या सहीने तसे लिहून द्यावे, रविवारी पहिली गाडी सुटायच्या आधी. नाहीतर माझे नाव कायमचे खोडणार, आणि खोडले हे लाऊडस्पीकरवर सांगणार.

मी घरी आले आणि रबर जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "स्टॉपर आहे."

"न्हाणीघरातला ठमीत कसा गेला?"

"मी लावला."

इतके सरळ उत्तर येईल असे मला वाटले नव्हते. मी विचारले, "का?"

"मी तीस वर्षं चेपलेल्या गाड्या बघितल्यात. तू चष्मे बनवतेस, मी ते गाड्यांच्या फरशीवरून उचललेत. मला नाही गं झेपत."

"मग मला सांगायचं होतंत."

"ऐकली असतीस?"

नसते ऐकले. ते मी कबूल करते. पण माझा राग त्याबद्दल नाहीच. मी रोज खुर्चीत बसून वजनकाट्यावर पाय दाबत होते तेव्हा ते समोर पेपर वाचत होते. मला वाकून दिसत नाही म्हणून काट्यावरचा आकडा तेच वाचून दाखवायचे. त्यांना माहीत होते. माझा पाय ठीक आहे, हे एवढे एक वाक्य त्यांनी वर्षभरात बोलायला हवे होते. भीती वाटली हे मी समजू शकते. मला म्हातारी होऊ दिले, ते मला समजत नाही.

लिहून द्या म्हटले, तर म्हणाले, "या वयात चारचौघांत माझी शोभा नको. आणि नाव खोडलं तर खोडू दे ना, त्या निमित्ताने तरी बंद होईल." तेव्हापासून रोज विचारते आहे. रोज त्यांना पेपरमध्ये काहीतरी महत्त्वाचे सापडते.

कलम आठवे. एवढे सगळे झाले तरी ठमी मी यजमानांनाच देत आहे. वकीलबाईंनी पेन थांबवून विचारले, नक्की का? नक्की. मुलगी तिला विकून टाकेल, मिस्त्री तिला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसतील. दार कुठे चिकटते, थंडीत चोक किती ओढायचा, हे माझ्यानंतर त्यांनाच माहीत आहे. माहीत नाही असे ते दाखवतात. अटी अशा: तिच्यावर चादर टाकू नये. आठवड्यातून एकदा तिला शेडबाहेर काढावे आणि नुसते चालू करून न ठेवता चालवावे. तिच्यात गालिचा अंथरू नये, कोणत्याही वाढदिवसाला. विकायची वेळ आलीच तर घेणाऱ्याला कागदोपत्री काहीही सांगण्याआधी किल्ली फिरवून दाखवावी.

कलम नववे. रबरी स्टॉपर मिस्त्रींना. त्यांनी तो आपल्या गॅरेजमध्ये समोर दिसेल असा ठेवावा आणि गाडीत काही विचित्र दिसले तर गिऱ्हाइकाला विचारत जावे, गिऱ्हाईक बाई असली तरी.

कलम दहावे, इतर सूचना. मुलीने माझा भिंतीवर फोटो लावायचाच ठरवला तर हेल्मेट काखेत धरलेला लावावा, नणंदेच्या मुलाच्या लग्नातला नको. त्यात मी कोणाच्या तरी म्हणण्याखातर हसले आहे. माझे चष्मे कोणाच्या उपयोगी पडत असतील तर नंबर तपासून द्यावेत. उगीच दान म्हणून भलत्या नंबरचा चष्मा कोणाच्या नाकावर ठेवू नये. आणि उद्या मला काही झालेच, तर कोणीही "तरी सांगत होतो" असे म्हणू नये. म्हणायचेच असेल तर माझ्यामागे म्हणावे. तेव्हा मागेच असणार, पण तरी सांगून ठेवते.

जोडकलम. वरचे सगळे लिहून झाल्यावर वकीलबाईंनी ते रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले. यजमान मला सोडायला आले होते. बाहेरच्या बाकावर ऊन आले होते म्हणून ते आत येऊन बसले, आणि आत बसले म्हणून त्यांना सगळे ऐकावे लागले. गालिच्याचा मजकूर आला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. वजनकाट्याला त्यांनी खाली बघितले. आठव्या कलमाला त्यांनी विचारले, "ठमी मला?" मी हो म्हटले.

सहीला दोन साक्षीदार लागतात. एक, वकीलबाईंच्या कार्यालयाखालचे औषधवाले, येऊन बसले होते. दुसरा, कार्यालयातला कारकून, शनिवार म्हणून लवकर घरी गेला होता. वकीलबाई कोणालातरी फोन लावू लागल्या.

"मी करतो सही," यजमान म्हणाले.

"तुम्हाला नाही करता येणार," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणजे, येईल. पण साक्षीदाराला या कागदातून काही मिळत नाही. सही केलीत तर गाडी गेली."

"आणि साक्षीदाराला सहीखाली चार ओळी लिहिता येतात?"

"येतात."

"त्या समितीला चालतील?"

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. "नक्कल काढून मी शिक्का मारून देते. न चालायला काय झालं?"

मला राहवले नाही. मी म्हटले, "अहो, चार ओळी वेगळ्या कागदावर लिहा की. त्यासाठी गाडी कशाला घालवताय?"

यजमान माझ्याकडे न बघता खिशातले पेन काढत म्हणाले, "ती तुझ्यामागे मिळणार ना? तुझ्यामागे मिळणारं मला काही नकोय."

वकीलबाई कागद उगीच नीट करत बसल्या. मी वर्षभराची चिडलेली आहे आणि ती चीड एका वाक्याने जाणार नाही, हे इथे नमूद करून ठेवते. आठवे कलम त्यांच्या सहीने गळाले. आता ठमी कोणाला, हे मला आज ठरवता येत नाही. ते पुढच्या आठवड्यात येऊन नव्याने लिहून देईन.

वरील मजकूर मी ऐकला, तो माझाच आहे, त्यातला रागही माझाच आहे.

लिहून ठेवणारीची सही
ठिकाण: वकीलबाईंचे कार्यालय, दुसरा मजला
दिनांक: शर्यतीच्या आदल्या दिवशीचा शनिवार, दुपार

साक्षीदार पहिला: खालच्या दुकानातले औषधवाले. बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: लिहून ठेवणारीचा नवरा, निवृत्त सर्व्हेयर. हिने माझ्यासमोर सही केली. हिचे डोके ठिकाणावर आहे. ॲक्सिलरेटरखालचा रबर मी लावला, हिला न सांगता. हिने काचेवर तेवीस लिहिले ते खरे समजून लिहिले. हिचा पाय तेव्हाही ठीक होता आणि मला ते माहीत होते. मी घाबरलो होतो म्हणून लावला. अजूनही घाबरतो. तरी हिला उद्या गाडी चालवू द्यावी, ही विनंती. (सही)